सतरा नंबरचा रिपोर्ट

थानगढ, ६ डिसेंबर १९९७

चि. देवशी यास मोटाभाईचे आशीर्वाद.

तू मस्कतला पोचलास हे मला नारणकडून कळलं. सख्खा भाऊ सोडून भट्टीवरच्या नारणला पत्र टाकतोस, म्हणजे राग अजून उतरलेला दिसत नाही. असू दे. बापूजींनी आपल्याला दुसरं काही दिलं नसलं तरी राग मात्र दोघांना सारखा वाटून दिला.

त्या दिवशी माझा हात उठला ते चुकलंच. पण तू ओसरीवर उभा राहून बोलत होतास आणि पलीकडे शेजारची काशीमा पापड वाळत घालत होती. आणखी दोन वाक्यं तुझ्या तोंडून बाहेर पडली असती तर दुसऱ्या पाळीपर्यंत थानमधल्या सगळ्या चिनीमातीच्या पॉटऱ्यांत माझी वरात निघाली असती. तुला गप्प करायला मला दुसरं काही सुचलं नाही. त्यावर तू घर सोडशील, तेही समुद्रापलीकडे जाशील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

फोनवर हे बोलता येत नाही. पीसीओवाला भानु काचेला कान लावून बसतो. म्हणून लिहितो आहे. वाचून फाडून टाक.

तू मला खोटारडा म्हणालास. मी खोटारडा कसा झालो ते तुला अर्धंच ठाऊक आहे, उरलेलं आज सांगतो. डॉ. वसावडा राजकोटहून येऊन आपल्या प्रजापती समाजाच्या लग्नाच्या वाडीत दोन खोल्या घेऊन बसले, तेव्हा साठ भट्टीवाल्यांत माझंही नाव लागलं. कमोड आणि बेसिनं भाजणाऱ्या भट्टीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं उभे राहणाऱ्यांना मुलं का होत नाहीत, आणि कशाने होतील, हे त्यांना शोधायचं होतं. अभ्यास त्यांचा, फजिती आमची. नमुना द्यायला त्यांनी आम्हाला वाडीची भांडीखोली दिली. ज्या तपेल्यांत अख्ख्या समाजाच्या लग्नांची डाळ शिजते, त्यांच्या मधोमध उभं राहून माणूस काय करणार? साठातले चोपन्न जण कोरडी बाटली घेऊन बाहेर आले. मग डॉक्टरसाहेबांनी नियम सैल केला. घरून आणा, पण तासाच्या आत, आणि बाटली सदऱ्याखाली पोटाशी धरून, गार होऊ न देता. रोज सकाळी वाडीच्या फाटकाशी आपले लोक पोटावर हात ठेवून येताना दिसायचे आणि नारण एकेकाला विचारायचा, "काय रे, माल पक्का भाजून आणलास ना?"

माझी पहिली बाटली माझीच होती. त्यात जंतू बोटांवर मोजण्याइतके निघाले, तेही निपचित. डॉक्टरसाहेबांनी दार लावून घेतलं, मला पडद्यामागे नेऊन तपासलं आणि म्हणाले, "वशरामभाई, डाव्या बाजूच्या नसा फुगल्या आहेत, त्यात भट्टीची धग. तीन महिने पुडी घ्या, भट्टीपासून लांबचं काम मागून घ्या. नाहीच जमलं तर लहानसं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाल. पण हे बायकोला सांगा. नऊ वर्षं तिला बोल लावतायत ना, तो तरी थांबेल."

मी हो म्हणालो. घरी येऊन आपल्या बाला आणि तुझ्या हंसाभाभीला सांगितलं की रिपोर्ट अजून यायचा आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा बाटली द्यायची वेळ आली तेव्हा मी तुझ्याकडे का आलो, ते तुला माहीत आहे. तू विचारलं होतंस, "भाभीला यातून काही त्रास नाही ना होणार?" मी म्हणालो, तिचा यात काय संबंध. देवशी, तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. एक कागद चांगला आला की भट्टीवरची चार तोंडं बंद होतील, एवढाच माझा हिशेब होता.

कागदावर आलं सहा कोटी ऐंशी लाख. पोटच्या पोराचा कागद म्हणून बाने गल्लीभर गोड लापसी वाटली. आणि वाटून झाल्यावर हंसाकडे बघून म्हणाली, "म्हणजे खोट हिच्यातच."

तिथून पुढचं तुझ्यासमोरच झालं. सुरेंद्रनगरची डॉक्टरीण, हंसाच्या पोटातली लिंबाएवढी गाठ, आणि ती काढायचं ठरणं. त्यावरून तू ओसरीवर पेटलास. पण गाठ तर खरी आहे ना? ती मी नाही तिथे ठेवली.

तब्येत सांभाळ. तिकडची भट्टी इकडच्यापेक्षा मोठी असते म्हणतात, तिच्या तोंडाशी उभा राहू नकोस. हे मी तुला सांगतोय याचं हसू येत असेल तर हस.

तुझा मोटाभाई
वशराम

थानगढ, १७ जानेवारी १९९८

चि. देवशी,

तुझं चार पानी पत्र मिळालं. उत्तरायणच्या दिवशीच आलं. हंसा तिळाची चिक्की थापत होती, तशीच गुळाच्या चिकट हातांनी समोर येऊन बसली. "वाचा ना, काय म्हणतो माझा देवशी?" तिला अक्षर येत असतं तर माझं काय झालं असतं ते तूच समज. तुझ्या चार पानांचं मी अर्धं पान वाचलं. वाचलं म्हणजे रचलं. तिथे बाजरीचा रोटला मिळत नाही, भाभीच्या हातची कढी आठवते, खोलीत दोन मलबारी आहेत ते चांगले आहेत, असं बरंच काही. ती डोळे पुसत उठली. तुझ्या आईच्या ठिकाणी आहे ती, हे तू पत्रात तीनदा लिहिलंस. मला एकदा लिहिलेलंही कळलं असतं.

तू म्हणतोस डॉक्टरसाहेबांना सगळं कळवीन. कळव. त्यांचा पत्ता नारणकडे आहे. पण मग पुढचं पत्र मला लिहू नकोस, भट्टीच्या तोंडाशी मला शोधायला ये. मी हे रागात लिहीत नाही. काल पाळीवर उभा होतो तेव्हा झरोक्यातून आत बघत बराच वेळ थांबलो. नारणने हाक मारली म्हणून मागे झालो.

एवढं लिहिल्यावर तू गप्प राहशील हे मला माहीत आहे. तू माझ्यासारखा नाहीस.

इकडे एक गंमत झाली आहे, ती तरी ऐक. पुड्यांवर नंबर असायचे, माझा सतरा. कुणाच्या पुडीत खरं औषध आणि कुणाच्या पुडीत नुसतीच भुकटी, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. नावांचं पाकीट बंद करून राजकोटच्या कपाटात ठेवलेलं. माझा आकडा फुटला आणि भट्टीवर एकच झुंबड. ज्याला त्याला सतरा नंबर पाहिजे. माझ्या उरलेल्या पुड्या मी प्रसादासारख्या चिमूट चिमूट वाटल्या. नारणने तर त्याच्या पुड्या गटारात टाकल्या आणि माझ्यातल्या आठ नेल्या. त्याचं नसांचं ऑपरेशन ठरलं होतं, तेही रद्द केलं. म्हणतो, "वशरामचं पुडीने झालं, मग मी कशाला चिरून घेऊ?"

त्या आठ पुड्या मीच त्याला मोजून दिल्या.

हंसाच्या ऑपरेशनची तारीख बारा फेब्रुवारी लागली आहे.

वशराम

थानगढ, ३ फेब्रुवारी १९९८

चि. देवशी,

तुझं पत्र नाही. नसू दे. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

काल डॉक्टरसाहेबांनी मला वाडीत बोलावलं. अभ्यास संपला, पाकीट उघडलं. समोर साठ नावांचा मोठा कागद पसरलेला आणि माझ्या नावावर पेन्सिलीची खूण. चहा मागवला, माझ्या बशीत स्वतःच्या हाताने ओतला. मग म्हणाले, "सतरा नंबरमध्ये काही नव्हतं, वशरामभाई. नुसती साखर आणि पीठ."

मी म्हणालो, देवाची कृपा.

ते हसले नाहीत. म्हणाले, "नसा फुगलेल्या आहेत, तुम्ही एक दिवसही भट्टी सोडली नाही, पुडीत साखर. आणि पाच-सहा जंतूंचे सहा कोटी ऐंशी लाख झाले. वीस वर्षं हेच काम करतोय, असं बघितलं नाही." खिडकीतून वाडीच्या अंगणाकडे बघत त्यांनी पुढचं सांगितलं. बाटल्यांची अदलाबदल त्यांच्या टेबलावर झाली असेल, त्यांच्या माणसाची चूक असेल, म्हणून अजून एक नमुना हवा. या वेळी इथेच, भांडीखोलीत, ते स्वतः दाराशी उभे राहतील, कुणी येणार नाही.

मला पळवाट त्यांनीच दाखवली होती बघ. चूक टेबलावरची, माझी नाही. नुसतं हो म्हणायचं आणि बाटली हातात घ्यायची. मी म्हणालो, आज अंगात कणकण आहे, सोमवारी येतो.

जाताना त्यांनी हंसाचं विचारलं. गाठ काढायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अशा गाठी चार बायकांत एकीला असतात. तुमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तिच्यावर सुरी चालवतायत. तो रिपोर्टच चुकीचा असेल तर? सोमवारी नक्की या. आणि तोवर तारीख पुढे ढकला."

सोमवार नऊ तारखेला आहे. ऑपरेशन बाराला.

देवशी, मी जाणार आहे. हे तुला लिहून ठेवतो म्हणजे मला जावंच लागेल.

वशराम

थानगढ, ११ फेब्रुवारी १९९८

चि. देवशी,

तुझी तार आज सकाळी आली. ऑपरेशन थांबव, खरं सांग, नाहीतर मी येतो. तार म्हटल्यावर कुणीतरी गेलं असंच बाला वाटलं. मी वाचून दाखवलं की तुला बढती मिळाली. तिने देवापुढे साखर ठेवली. हंसा म्हणाली, "बघा, माझ्या ऑपरेशनच्या आधी चांगली बातमी आली, सगळं नीट होणार."

सोमवारी मी गेलो होतो. वाडीच्या फाटकापर्यंत गेलो. अंगणात डॉक्टरसाहेब माझी वाट बघत खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यासमोर नारण बसला होता आणि आणखी चौघे, पुड्यांचं काय झालं ते विचारायला आलेले. मी सायकल वळवली. मंगळवारी डॉक्टर राजकोटला गेले, आता पंधरा दिवस नाहीत.

हंसाने आज दोन ट्रंका आवरल्या. बाचा, माझा, सगळ्यांचा आठ दिवसांचा कपडालत्ता घडी घालून ठेवला. लोणच्याची बरणी खाली काढून ठेवली, कारण बाचा हात वर पोचत नाही. मी दारात उभा राहून बघत होतो. तिने विचारलं, काय बघताय. मी म्हणालो, काही नाही.

दहा पावलं होती मधे. तेवढंच.

उद्या सकाळी सातच्या बसने सुरेंद्रनगर. डॉक्टरीण म्हणते, अर्ध्या तासाचं काम आहे.

वशराम

सुरेंद्रनगर, २० फेब्रुवारी १९९८

देवशी,

हंसा जिवंत आहे. हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं वाचशील.

अर्ध्या तासाचं काम साडेतीन तास चाललं. गाठ काढताना रक्त थांबेना. आतून परिचारिका दोनदा धावत बाहेर आल्या, रक्ताच्या बाटल्या मागितल्या. माझं रक्त जुळलं, घेतलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीण स्वतः आली, हातमोज्यांसकट. म्हणाली, पिशवी काढावी लागेल, नाहीतर बाई वाचत नाही, इथे सही करा. मी सही केली. पेन माझ्या हातात नीट धरलं गेलं, अक्षरसुद्धा बिघडलं नाही.

आता तुला एक सांगतो. हे सांगितल्यावर तू मला भाऊ म्हणू नयेस असं आहे. सही करून मी बाकावर बसलो आणि पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. मला हलकं वाटलं. आता कुणी माझी बाटली मागणार नाही. डॉक्टरसाहेब सोमवारी या म्हणणार नाहीत. मूल नाही याचं कारण आता कुणालाही दाखवता येईल असं होतं. मग मी नळाशी जाऊन ओकलो. पण आधी हलकं वाटलं, ते वाटलंच.

पाचव्या दिवशी ती नीट बोलायला लागली. मला जवळ बोलावलं. ओठ सुकलेले, मी चमच्याने पाणी दिलं. म्हणाली, "एक बरं झालं. दोष माझ्यातच निघाला. लोकांनी तुम्हाला नावं ठेवलेली मला ऐकवली नसती."

मी चमचा धुवायला बाहेर गेलो.

तू येतो म्हणाला होतास. आता येऊ नकोस. आता आलास तरी काय थांबवणार?

वशराम

थानगढ, २२ एप्रिल १९९८

चि. देवशी,

दोन महिन्यांत तुझी तीन पत्रं आली. मी एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि भाभी कशी आहे हे तू प्रत्येकात विचारलंस. भाभी चोटिल्याला तिच्या भावाकडे आहे. होळीनंतर पंच बसले. तेही वाडीतच, त्याच अंगणात. बाने पदर पसरला की माझ्या वशरामचा वंश बुडतो. हंसाला विचारलं तर म्हणाली, माझी ना नाही. काडीमोडाच्या कागदावर तिने अंगठा दिला. तिच्या भावाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना तिने बाला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाली, दूध सकाळी दोनदा तापवून ठेवत जा, उन्हाळा आहे.

मला वाटलं होतं इथे तरी हे संपेल.

बाने वांकानेरची मुलगी बघितली आहे. जागृती नाव. एकोणीस वर्षांची, बारावीपर्यंत शिकलेली. बाप लालजीभाई कौलांच्या कारखान्यात चाकावर आहे, सरळ माणूस, मोजकं बोलतो. मी अडतीसचा, म्हणून तो कचरत होता. मग एकदा अडखळत म्हणाला, "वशरामभाई, राग मानू नका, पण पहिलीला मूल नव्हतं. मुलीचा बाप आहे, विचारावं लागतं." बाने पेटी उघडली आणि माझा रिपोर्ट त्याच्या हातात दिला. डॉक्टरसाहेबांचा शिक्का, सतरा नंबर, सहा कोटी ऐंशी लाख. त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली, डोळ्याला लावून परत दिला. साखरपुडा झाला. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. बाने नऊ वर्षं हंसाला जे ऐकवलं, ते हिलाही ऐकवेल. गाठ नाही सापडली तर दुसरं काहीतरी सापडेल. शोधणाऱ्याला सापडतंच.

डॉक्टरसाहेब मागच्या आठवड्यात पॉटरीच्या फाटकाशी भेटले. हंसाचं त्यांना कळलं होतं. फक्त म्हणाले, "तुमचं नाव मी अभ्यासातून काढून टाकलं, वशरामभाई. एकोणसाठच मोजले." आणि तरीही म्हणाले की नसांचं ऑपरेशन अजून होऊ शकतं, उशीर झालेला नाही. नारणने परवा करून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. साडेचार महिने मी तुला तोंड बंद ठेव म्हणून लिहिलं. मरायची धमकी दिली. ती खोटी होती. मी मरणारा माणूस नाही, हे मला आता कळलं आहे, माझ्यासाठी दुसरीच माणसं मरायला टेकतात. तेव्हा ती भीती मनातून काढून टाक.

लग्न नऊ मेला आहे, वैशाख सुद तेरस. हे पत्र तुझ्या हातात पडायला बारा दिवस लागतात. तू पत्र लिहीत बसलास तर ते पोचेपर्यंत ती माझ्या घरात आलेली असेल. लालजीभाईंच्या शेजारी पिठाची गिरणी आहे, तिथे फोन आहे. गिरणीवाल्याला सांगितलं की तो हाक मारून बोलावून आणतो. हे मला माहीत आहे कारण मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा लालजीभाई धापा टाकत आले, "बोला जमाई" म्हणाले, आणि मी तिकडे ऊन फार आहे का विचारून फोन ठेवला.

मला जमत नाही, देवशी. तू त्यांना सांग की ती बाटली तुझी होती. माझं नाव घेऊन सांग, सगळं सांग. ते विचारतील, तुमच्या भावानेच का नाही सांगितलं. त्यांना म्हण, तो माणूसच तसा आहे.

नंबर वांकानेर २०४१७. सकाळी आठच्या आत कर, नंतर ते कामावर जातात.

वशराम